आठवीला सेमी घेताना गणितातले शब्द

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, जूनपासून आठवीला सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, गणित बरं आहे पण इंग्रजी शब्दांची धास्ती घेतली आहे, तर बीजगणित-भूमितीच्या शब्दांची अर्थासह यादी द्या, म्हणजे सुट्टीत पाठ करून घेते. यादी मी देत नाही. अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरतच असतात, आणि पाठही होतात. थोड्याच दिवसांत मुलगी ‘कोइफिशंट म्हणजे सहगुणक’ धडाधड म्हणू लागेल. मग तिला ‘५ − ३क्ष मध्ये क्षचा सहगुणक किती?’ विचारा. (एक्सच्या जागी इथे क्ष लिहितोय, आमच्या वेळी फळ्यावर तोच असायचा.) बहुतेक मुलं ३ म्हणतात. उत्तर −३ आहे, चिन्ह त्या पदाचंच असतं. शब्द पाठ असून इथे काही उपयोग झाला नाही.

मी बरीच वर्षं सहावी ते दहावीच्या मुलांचं गणित घेतोय. माझं निरीक्षण असं की मुलं अवघड शब्दांवर फारशी अडत नाहीत. ‘समांतरभुज’ दिसायला जड आहे, पण फोडला की अर्थ समोर येतो. ‘आयसोसेलीस’चं (म्हणजे समद्विभुज) स्पेलिंग थोडे दिवस छळतं, मग बसतं. अडतात ती ओळखीच्या शब्दांवर. चौकोन, कर्ण, पाया, कंस, किंमत, सोडवा हे शब्द आपल्याला येतात असं मुलांनाही वाटतं आणि आपल्यालाही, त्यामुळे त्यांबद्दल कुणी विचारतच नाही.

चौकोन घ्या. घरात आपण चौकोनी डबा, चौकोनी रुमाल म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर चौरस असतो, फार तर आयत. गणितात चार बाजूंची कुठलीही बंदिस्त आकृती चौकोन, कितीही वाकडी असली तरी. ‘समभुज चौकोन काढ’ म्हटलं की दहातली आठ मुलं चौरस काढतात. ते चूक नाही, चौरस हा समभुज चौकोन असतोच. पण तेवढंच चित्र डोक्यात राहिलं तर ‘प्रत्येक समभुज चौकोन चौरस असतो, चूक की बरोबर?’ या प्रश्नाला गुण जातात.

कर्णाचा घोळ जरा सविस्तर सांगतो. मराठीत काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत मोठ्या बाजूला कर्ण म्हणतात आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडालाही कर्णच म्हणतात. आता हे नेहमीचं उदाहरण: ‘समभुज चौकोनाचे कर्ण १६ सेमी आणि १२ सेमी आहेत, तर त्याची बाजू काढा.’ समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. आकृती काढली की आत चार काटकोन त्रिकोण दिसतात, प्रत्येकाच्या काटकोन करणाऱ्या बाजू ८ आणि ६. इथवर मुलं व्यवस्थित येतात. मग पायथागोरसचा सिद्धांत म्हणत ‘कर्णाचा वर्ग बरोबर’ असं लिहायला घेतलं की पेन्सिल १६ कडे वळते, कारण प्रश्नातच ‘कर्ण १६’ छापलेलं आहे. सिद्धांतातला कर्ण मात्र त्या आतल्या छोट्या त्रिकोणाचा, म्हणजे चौकोनाची बाजू, जी आपल्याला काढायची आहे. ६४ अधिक ३६ म्हणजे १००, बाजू १० सेमी. तीच रेघ त्रिकोणात कर्ण आहे आणि चौकोनात बाजू. मी मुलांना सवय लावतो की कर्ण हा शब्द आला की ‘कोणाचा?’ असं लगेच विचारायचं.

गंमत म्हणजे सेमीत हा घोळ उरत नाही. तिथे चौकोनाचा डायगोनल आणि त्रिकोणाचा हायपोटेन्यूज, असे दोन वेगळे शब्द. तसंच कंसाचं: वर्तुळाचा कंस तो आर्क, आकडेमोडीतला कंस तो ब्रॅकेट. अंशाचंही: कोनाचे अंश डिग्रीत, अपूर्णांकाचा अंश न्यूमरेटर. पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या यांत तर मराठीत हुशार मुलंही गोंधळतात, नावं इतकी सारखी. होल नंबर शून्यापासून पुढे आणि इंटिजरमध्ये ऋण संख्याही, हे मराठीपेक्षा इंग्रजीत लवकर बसतं. धन आणि घन यांचीही सुटका होते. वहीतल्या घाईच्या अक्षरात ‘धन संख्येचं घनमूळ’ वाचताना मीही थांबतो. तेव्हा माध्यम बदललं की सगळं अवघडच होतं, ही धास्ती आधी काढून टाका.

उलट बाजूही आहे. मराठीत वेगळं असलेलं इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेलं सापडतं. चौरसही स्क्वेअर आणि वर्गही स्क्वेअर. त्रिकोणाची मध्यगा मीडियन, आणि पुढे नववीत सांख्यिकीतला मध्यक येतो तोही मीडियनच. कोनाच्या अंशाला डिग्री आणि बहुपदीच्या कोटीलाही डिग्री. राइट अँगलमधल्या राइटचा उजव्या हाताशी संबंध लावणारी मुलं मी पाहिली आहेत. काटकोन डाव्या बाजूला काढला की त्यांना तो राइट वाटत नाही. प्रॉडक्ट म्हणजे गुणाकार आणि डिफरन्स म्हणजे वजाबाकी, हेही रोजच्या इंग्रजीत येत असल्यामुळे जास्त फसवतात. तुमच्या मुलीला या जोड्या मुद्दाम दाखवा.

पायाबद्दल एवढंच: त्रिकोणाचा पाया म्हणजे खालची बाजू नव्हे. तीनही बाजूंपैकी कुठलीही पाया होऊ शकते आणि समोरच्या शिरोबिंदूतून तिच्यावर टाकलेला लंब हा तिचा शिरोलंब. विशालकोन त्रिकोणात तो बाहेरही पडतो, तेव्हा पायाची रेघ ठिपक्यांनी वाढवावी लागते. वही फिरवून फिरवून तिन्ही शिरोलंब एकदा काढून घ्या. बेस आणि ॲल्टिट्यूड हे शब्द तेव्हाच आकृतीवर लिहायचे.

कोटिकोन आणि पूरककोन यांत नव्वद कुणाचे नि एकशे ऐंशी कुणाचे, ही कायमची तक्रार. कोटिकोनात क, काटकोनात क. दोन कोटिकोन मिळून काटकोन. दुसरी जोडी मिळून सरळ कोन. इंग्रजीत कॉम्प्लिमेंटरीचा सी कॉर्नरमध्ये आणि सप्लिमेंटरीचा एस स्ट्रेटमध्ये शोधायचा. अशा क्लृप्त्या मला फार आवडत नाहीत, पण इथे चालतात.

बीजगणितात शब्दांपेक्षा आज्ञा जास्त घात करतात. आपण मराठीत सगळ्यालाच ‘सोडवा’ म्हणतो: गणित सोडव, समीकरण सोडव, पहिली पाच उदाहरणं सोडव. मग ‘३क्ष + ५क्ष − ४ ला सोपे रूप द्या’ आलं की मुलगा ८क्ष − ४ लिहून थांबत नाही. त्यापुढे स्वतःच्या मनाने ‘= ०’ जोडतो आणि क्ष = १/२ काढून मोकळा होतो. आकडेमोड निर्दोष, उत्तर चूक. कारण ८क्ष − ४ ही बैजिक राशी आहे, समीकरण नाही. मधे बरोबरचं चिन्ह नाही, म्हणजे क्षवर काही अटच नाही, मग त्याची किंमत काढायची कुठून? ही राशी-समीकरणाची रेघ एकदा स्पष्ट झाली की सिम्प्लिफाय, सॉल्व्ह आणि इव्हॅल्युएट हे तीन शब्द आपापल्या जागी बसतात. सिम्प्लिफाय म्हणजे फक्त सोपं रूप. सॉल्व्ह म्हणजे समीकरणाची उकल. इव्हॅल्युएट म्हणजे क्षची किंमत दिलेली आहे, ती ठेवून राशीची किंमत काढा. भूमितीतले पक्ष, साध्य, सिद्धता हे गिव्हन, टु प्रूव्ह, प्रूफ होतात. तिथे काही अडचण येत नाही.

शाब्दिक उदाहरणांवर मात्र वेळ घालवा, कारण सेमीत गेलेल्या मुलांचे सर्वाधिक गुण माझ्या पाहण्यात इथेच गेले आहेत. मराठीत ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ म्हणताना आधी संख्या येते, मग ५. लिहितानाही क्ष − ५. शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने मांडणी. इंग्रजीत तेच ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ होतं आणि मूल ऐकलं तसं ५ − क्ष लिहितं. ‘९ मधून ४ वजा करा’ आणि ‘सब्ट्रॅक्ट फोर फ्रॉम नाइन’ यांतही हेच. उपाय साधा आहे: लेस दॅन, मोअर दॅन, फ्रॉम यांपैकी काही दिसलं की वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं आणि मगच पेन्सिल टेकवायची. शाळेत कुणी ‘इंग्रजीतच विचार कर’ म्हणालं तरी हे सोडू नका. ‘ने जास्त’ आणि ‘पट’ यांतला फरक मराठीतच कच्चा असेल तर तो आधी पक्का करा. ‘३ ने जास्त’ म्हणजे क्ष + ३ आणि ‘तिप्पट’ म्हणजे ३क्ष, हे इंग्रजीत नव्याने शिकण्यात अर्थ नाही.

आता सुट्टीत काय करायचं ते. आठवीचं पुस्तक उघडू नका. बालभारतीचं सातवीचंच गणिताचं पुस्तक, पण इंग्रजी माध्यमाचं, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्या. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत प्रकरणं तीच, सरावसंच तेच, उदाहरणंही तीच असतात. मुलीने वर्षभर सोडवलेलं गणित समोर आहे, त्यात नवे आहेत ते फक्त शब्द. मराठी पुस्तक डाव्या हाताला, इंग्रजी उजव्या हाताला, आणि तिने इंग्रजीतलं उदाहरण वाचून ते कशाबद्दल आहे हे मराठीत सांगायचं. अडली तरच डावीकडे बघायचं. ‘कोन व कोनांच्या जोड्या’, ‘बैजिक राशी व त्यांवरील क्रिया’ आणि ‘वर्तुळ’ ही तीन प्रकरणं एवढ्यासाठी पुरेशी आहेत. फुकट मिळालं म्हणून सगळं पुस्तक तिच्याकडून करून घेऊ नका, सुट्टी तिचीही आहे.

सोबत एक वही ठेवा. शब्द, पुढे अर्थ, असे रकाने नकोत. प्रत्येक शब्दाला आकृती किंवा उदाहरण तिच्या हातचं, आणि त्याच्याच शेजारी एक असं उदाहरण की जे वाटतं तसं पण नाही. सजातीय पदांखाली ४अब आणि −७बअ येतील, शेजारी ४अ आणि ४अ² येतील, ही दोन का चालत नाहीत ते एका ओळीत. जीवेखाली दोन-तीन जीवा काढेल, त्यात व्यास असलाच पाहिजे, आणि शेजारी त्रिज्या, जिचं एकच टोक वर्तुळावर आहे. हे ‘नाही’चं उदाहरण शोधायलाच तिला खरा वेळ लागेल. लागू द्या, तुम्ही सुचवू नका. इंग्रजी शब्द त्याच पानावर, आकृतीला बाण काढून.

शब्दकोशाबद्दलही विचारलंत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चांगले आहेत, पण ते वरच्या अभ्यासाला. त्यातला प्रतिशब्द पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळा निघाला तर आठवीच्या मुलीने पुस्तकातलाच धरावा. गाइडांत तर एकाच गोष्टीला दोन-दोन नावं असतात, ती या सुट्टीत नकोतच. उच्चारांची काळजी करू नका. हायपोटेन्यूज म्हणा, हायपॉटन्यूज म्हणा, पेपरात तो लिहायचा आहे. स्पेलिंगचं मात्र बघा. पॅरललमध्ये एल किती आणि कुठे, हे मोठ्या माणसांनाही विचारून बघा एकदा.