जे वाचता येत नाही, ते लिहायचे नाही

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि चित्रांची छायाचित्रे मिळाली. अरबीच्या वर्गातील शिक्षक म्हणतात की आधी व्याकरण पक्के कर, मग कुंचला उचल. चित्रकार मित्र म्हणतात की इथे वाचणार कोण आहे, आकार महत्त्वाचा. आणि एका अंतर्गत सजावटकाराने मोठ्या कॅनव्हासची ऑर्डर पुढे केली आहे. या ओढाताणीत महिनाभर कुंचल्याला हात लावला नाही, असे तू लिहितेस. निदान ते कुंचले धुऊन तरी ठेवले होतेस का? अ‍ॅक्रिलिक केसांत वाळले की कुंचला गेलाच म्हणून समज.

तुझा हात चांगला आहे, हे मी सांगण्याची गरज नाही. म्हणून सरळ त्या ‘नूर’ लिहिलेल्या चित्राकडे येतो. गेरूचा पातळ हात, त्यावर चिकटवलेल्या कागदांच्या पट्ट्या आणि त्यांवर चपट्या कुंचल्याने ओढलेला काळा शब्द, ही मांडणी जमली आहे. नून या पहिल्या अक्षराचा दात आणि त्यावरचा टिंब व्यवस्थित आहेत, नून पुढच्या वाव या अक्षराला जोडला आहे, तेही बरोबर. पण पुढे वावच्या शेपटीतून कुंचला न उचलता तू थेट रा काढला आहेस. अरबीच्या 28 अक्षरांपैकी अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराशी जोडली जात नाहीत. त्यांच्यानंतर हात उचलावाच लागतो. शिकस्ता या फारसी वळणात असे जोड सर्रास दिसतात, असे तू म्हणशील. दिसतात, पण तिथला कातिब, म्हणजे लेखनिक, ठाऊक असलेला नियम मोडत असतो, आणि तू नियम ठाऊक नसताना त्याच्यावर जाऊन आदळलीस. कॅनव्हाससमोर उभी राहून तू तो शब्द एकदा मोठ्याने, नून, वाव, रा असा सुटा सुटा वाचला असतास, तर हात आपोआप उचलला गेला असता.

त्याच चित्रात उजवीकडे खाली जी वर्तमानपत्राची पट्टी आहे, ती उलटी लागली आहे. मी छायाचित्र फिरवून वाचले. ती एका वृद्ध गृहस्थांची निधनवार्ता आहे, आणि त्यांच्या नावावरून तू किरमिजी रंगाचा ओघळ सोडला आहेस. तुला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. अरबी वर्तमानपत्राच्या पानावर देवाचे नाव किंवा एखादी आयत, म्हणजे कुराणातील वचन, कुठेही असू शकते. तू ते फाडणार, त्यावर फेव्हिकॉल फासणार, उरलेले तुकडे केरात टाकणार. जे वाचता येत नाही ते लिहायचे नाही, हे मी तुला पूर्वी सांगितले होते. आता त्यात भर घालतो की ते चिकटवायचेही नाही.

याचा अर्थ थांब असा मुळीच नाही. तुझ्या शिक्षकांचा सल्ला मला तुझ्या मित्रांच्या सल्ल्याइतकाच चुकीचा वाटतो. भाषा पूर्ण आल्यावर चित्र काढायचे ठरवलेस तर तू कधीच काढणार नाहीस, कारण भाषा पूर्ण येत नसते. मला अजून आलेली नाही. तुला आज जेवढे शब्द येतात तेवढे लिही. पाणी, दार, भाकरी, आई, रस्ता, काल, उद्या. एकच अक्षर येत असेल तर एकच अक्षर लिही, कारण परंपरेने शिकणारे सुद्धा सुट्या अक्षरांवरच, ज्यांना ‘मुफ्रदात’ म्हणतात त्यांच्यावरच, दीर्घकाळ घालवतात आणि त्यानंतरच जोडाक्षरांकडे वळतात.

मित्रांनी तुला नजा महदावींचे नाव सांगितले आहे. ट्युनिशियाचे हे चित्रकार अरबी अक्षरांचे आकार घेतात आणि त्यांतून शब्द होऊ देत नाहीत. कागदावर, कातड्यावर, ढोलांवर त्यांची अक्षरे धावतात, पण त्यांतून काही वाचता येत नाही. ‘मग मी का नको?’ हा तुझा प्रश्न. कारण अर्थ त्यांच्यापाशी होता आणि त्यांनी तो समजून उमजून बाजूला ठेवला. तुझ्यापाशी तो अजून आलेलाच नाही, तर तू बाजूला काय ठेवणार?

उदाहरण हवेच असेल तर तुझ्यासारख्या शिकणाऱ्यांचे घे. भिंतींवर अरबी अक्षरे रंगवणारा एल सीद हा 1981 साली पॅरिसच्या परिसरात ट्युनिशियन आईवडिलांच्या पोटी जन्मला. घरात बोली होती, पण प्रमाण अरबी वाचायला आणि लिहायला तो विशीच्या उंबरठ्यावर शिकला. त्याने 2016 मध्ये कैरोच्या मन्शियत नासर या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत जवळजवळ 50 इमारतींच्या भिंतींवर मिळून एकच वाक्य लिहिले. सूर्यप्रकाश स्वच्छ पाहायचा असेल तर आधी आपले डोळे पुसावेत, अशा अर्थाचे ते वाक्य अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू अथानासियस यांचे मानले जाते, आणि ते अखंड दिसते फक्त मुकत्तमच्या डोंगरावरून. खाली गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला केवळ निळ्या-नारिंगी रंगांचे पट्टे दिसतात. वरून सुद्धा ते वाक्य अरबी माणसाला झटकन वाचता येत नाही, इतकी अक्षरे ताणलेली आणि गुंतलेली आहेत. याला माझी काहीच हरकत नाही. बघणाऱ्याला वाचता आलेच पाहिजे, असे मी कधी म्हटलेले नाही. लिहिणाऱ्याला आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि लोक नेमके तेवढेच ऐकत नाहीत.

दुसरे फुआद कोइची होंडा. हे तोक्योत अरबी भाषा शिकले, 1970 च्या दशकात नकाशे तयार करणाऱ्या जपानी कंपनीचे दुभाषी म्हणून सौदी अरेबियात गेले, आणि तिथे नकाशांवर नावे लिहिणाऱ्या सुलेखनकारांशी गाठ पडल्यावर या कलेकडे वळले. त्यांना इस्तंबूलच्या हसन चेलेबी यांच्याकडून इजाझा, म्हणजे स्वतःच्या नावाने सही करण्याची परवानगी, मिळाली ती 2000 साली. या दोन घटनांमधले अंतर तू स्वतः मोजून पाहा, आणि मग सहा महिन्यांत प्रदर्शन भरवण्याविषयी मला विचार.

आता कुंचल्याविषयी. बोरूचे टोक एकदा तिरपे तासले की रेघेची रुंदी ठरून जाते. कुंचला मात्र दाबाबरोबर फुगतो, आणि नवशिक्याची रेघ नेमकी वळणावर जाड होते. चीनमधील मुस्लिम सुलेखनकारांनी या फुगण्यालाच आपली शैली केली. शानतुंग प्रांतातील हाजी नूर दीन यांचे काम या दृष्टीने जरूर पाहा. पण तू सुरुवात चपट्या कुंचल्यापासून कर, गोल कुंचल्यापासून नको, कारण चपट्याने टिंब मोजता येतो. बगदादचा वजीर इब्न मुक्ला, जो 940 मध्ये तुरुंगात वारला, त्याने लेखणीच्या एका टेकणीतून उमटणारा चौकोनी टिंब हेच अक्षरांचे माप ठरवले. नस्ख या वळणात अलिफ साधारण पाच टिंबांचा, सुलुस या वळणात सात टिंबांचा. इंचभर रुंदीच्या कुंचल्याने एकाखाली एक टिंब टेकव आणि शेजारी अलिफ ओढ. कॅनव्हासचा खरखरीतपणा केस फाडत असेल तर जेसोवर, म्हणजे रंगाआधी दिलेल्या पांढऱ्या अस्तरावर, बारीक पॉलिश पेपर फिरव.

टिंबाची गोष्ट निघाली आहे तर तुझ्या ‘हुब्ब’ या चित्राविषयीही बोलतो. प्रेम हा अर्थ तुला ठाऊक होता, शब्द बरोबर लिहिला होतास, मला आनंद झाला. त्यानंतर तू टूथब्रशने पांढरे शिंतोडे उडवलेस आणि त्यांतला एक ठसठशीत शिंतोडा ‘हा’ नावाच्या पहिल्या अक्षराच्या पोटात जाऊन बसला. तिथे टिंब आला की ते अक्षर जीम होते आणि शब्द होतो ‘जुब्ब’, म्हणजे खोल विहीर. टिंबाचा रंग वेगळा आहे म्हणून वाचणारा डोळा तो सोडून देत नाही. शिंतोडे आधी उडवावेत, वाळू द्यावेत, आणि मग त्यांच्यामधली मोकळी जागा पाहून अक्षर लिहावे. हे तंत्र मी तुला शिकवू शकतो. पण कोणता शिंतोडा धोक्याचा आहे हे केवळ वाचणाऱ्यालाच दिसते.

कोलाजसाठी काय वापरू, असे विचारशील. तुझेच सरावाचे कागद वापर. इराणमध्ये ‘सियाह मश्क’ नावाचा प्रकार आहे. तीच अक्षरे एकावर एक, उलटसुलट, पान काळे होईपर्यंत गिरवायची. मुळात तो निव्वळ सराव होता, पण एकोणिसाव्या शतकात मिर्झा गुलामरझा इस्फहानींसारख्या उस्तादांच्या हातून त्याच पानांना स्वतंत्र कलाकृतीचा मान मिळाला. तुझ्या वह्यांत क्रियापदे चालवलेली पाने असतील, शिक्षकांनी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या असतील. शिकणाऱ्या माणसाकडे यापेक्षा अस्सल सामग्री दुसरी कोणती असणार? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद होतो; तो आण. तुरटी घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन तो अकीकाच्या गोट्याने घोटलास तर शाई आत मुरणार नाही आणि चुकलेली रेघ ओल्या बोळ्याने पुसता येईल. चिकटवल्यावर मात्र वर फेव्हिकॉलचा हात देऊ नकोस, त्यावर पाण्याची शाई धरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते.

तू लिहितेस की माझा नियम माणसाला लहान करतो. हे मी पूर्वीही ऐकले आहे. शारजातील जाहिरात कंपनीत मी मांडणीचे काम करत होतो, तेव्हा दुपारच्या सुट्टीत एक सुदानी कारकून मला रुक्आ हे रोजच्या लिखाणाचे वळण शिकवत असे. वाचून दाखवल्याशिवाय तो मला एक ओळ लिहू देत नसे. माझी चाळिशी तोवर उलटली होती. सुलुस मला कधीच साधला नाही, ही खंत आहे आणि ती राहील. पुढे एका हॉटेलच्या लॉबीसाठी मोठे कॅनव्हास करण्याचे काम चालून आले. अक्षरे कसलीही चालतील, फक्त अरबी दिसली पाहिजेत, अशी त्यांची अट होती. मी नाही म्हटले. त्या पैशांत डोंबिवलीच्या घराचे उरलेले हप्ते फिटले असते. ते काम दुसऱ्याने केले, आणि त्या लॉबीत रोज शेकडो अरब माणसे ती निरर्थक अक्षरे पाहत चहा पितात, कोणाचे काही बिघडलेले नाही. माझी चित्रे मोजकीच झाली, हे खरे आहे. काहींना तो भित्रेपणा वाटतो. पण माझ्या कोणत्याही चित्रासमोर मला उभे केलेस तर मी ते उजवीकडून डावीकडे वाचून दाखवीन, आणि हे म्हणता येणे मला त्या हप्त्यांपेक्षा मोलाचे वाटत आले आहे. तुला ते वाटले नाही तर माझा इलाज नाही.

राहिली ती ऑर्डर. सजावटकाराने तुला मोबाईलवर जो मजकूर पाठवला आहे, त्यातली अक्षरे सुटी पडली आहेत आणि ओळ डावीकडून उजवीकडे उलटली आहे. अरबी न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की असेच होते. मी तो उलट्या बाजूने जुळवून वाचला. ती आयतुल कुर्सीची सुरुवात आहे, कुराणातील सर्वांत आदराने म्हटल्या जाणाऱ्या आयतींपैकी एक. तुझ्या पत्राप्रमाणे हा कॅनव्हास फार्महाऊसच्या बारमागे लागायचा आहे. त्या सजावटकाराला यातले काही ठाऊक नसणार, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस, त्याला फोन करून नीट समजावून सांग. त्याला ती आयत घराच्या दुसऱ्या एखाद्या योग्य जागी हवीच असेल, तर ती शुद्ध लिहिणाऱ्या खत्तातकडे, म्हणजे सुलेखनकाराकडे, त्याने जावे; हे काम तुझे नाही, माझेही नाही. ॲडव्हान्स घेतला असशील तर या आठवड्यात परत कर, आणि ‘नूर’चे चित्र फेकू नकोस: वाव आणि रा यांच्यामधला जोड पार्श्वभूमीच्या गेरूने झाकून टाक, वाळल्यावर पुन्हा छायाचित्र पाठव.

तुझा,
सर