फळा नंतर, बोर्ड आधी

प्रश्न: आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला नवीनच निदेशक म्हणून लागलो आहे. वीस मुलं. थिअरीला पेंगतात, वर्कशॉपमध्ये चौघं काम करतात आणि बाकीचे बघत उभे. काय करू?

उत्तर: मीही पहिली दोन वर्षं जिन्याच्या वायरिंगची (एकच दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लावता-विझवता येतो ती) आकृती वहीत उतरवून घ्यायचो. पेपरात सगळ्यांना यायची, वर्कशॉपच्या वायरिंग बोर्डावर कुणालाच नाही. मग उलटं केलं. सकाळी मेन बंद करून मीच दोष घालून ठेवायचो: खालच्या टू-वे स्विचच्या कॉमनची (बटण दाबलं की आळीपाळीनं बाकीच्या दोघांना जोडलं जातं ते टर्मिनल) वायर दुसऱ्याच टर्मिनलला, आणि तिथली कॉमनला. मग खालचं बटण एका बाजूला असलं तरच वरून दिवा लागतो, नाहीतर काही केल्या नाही. पोरं चक्रावतात. जोड्या लावा. जो हुशार, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा नाही. त्यानं फक्त सांगायचं, हात दुसऱ्याचे. (हुशारांना हे अजिबात आवडत नाही.) मेन बंद आहे हे टेस्ट लॅम्पनं तपासल्याशिवाय मात्र कुणी बोर्डाला हात लावायचा नाही, तिथं मी खेकसायचो. अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, "सर, कॉमन म्हणजे नक्की काय?" तेव्हा खडू उचला.