थंडीत पळताना ठोके कमी दिसतात, म्हणजे हार्टला आराम?

प्रश्न : वय ५४, लष्करला राहतो (ग्वाल्हेर), बीपीची गोळी चालू आहे. रोज सकाळी सहाला फूलबागेकडे जॉगिंगला जातो. जानेवारीत घसा जळतो आणि घरी येऊन चहा घेताना खोकला सुटतो, पण घड्याळात हार्टरेट मात्र उन्हाळ्यापेक्षा कमी. बायको म्हणते फुफ्फुसं गारठतील, घरी बसा. हार्टला थंडी मानवतेय असं समजू का?

उत्तर : वहिनींना सांगा, फुफ्फुसं गारठत नाहीत, चार-पाच डिग्रीची हवासुद्धा खोल आत पोचेपर्यंत ३७ डिग्रीची झालेली असते. त्रास वाटेतच होतो. चालताना हवा गरम आणि ओली करायचं काम नाक करतं, पळायला लागलं की नाक पुरत नाही, तोंड उघडतं, कोरडी हवा थेट श्वासनळ्यांवर जाते, त्यांचा ओलावा उडतो आणि काहींच्या नळ्या आवळतात. हे बहुतेक वेळा थांबल्यावर पाच-पंधरा मिनिटांत जास्त जाणवतं आणि तासाभरात निवळतं, तुमचा चहाच्या वेळचा खोकला त्यातलाच असू शकतो. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री) करून घ्या, नुसत्या आल्याच्या चहावर काढू नका.

आता घड्याळ. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला बरंच रक्त कातडीकडे जातं, म्हणून ठोके वाढतात. थंडीत कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत छातीकडे वळतं, एकेका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, मग ठोके कमी पुरतात. पण आकसलेल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त ढकलायचं तर प्रेशर वाढतं, म्हणजे आकडा कमी आणि हार्टला मेहनत जास्त, असंही होऊ शकतं, आणि बीपीवाल्याने हेच लक्षात ठेवायचं. शिवाय गार मनगटात रक्त कमी खेळतं तेव्हा ही घड्याळं चुकतात पण.

गोळीचं नाव बघा हं. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, पण तो दिवसभर असतो, फक्त पळून आल्यावर नाही. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलने ठोके बाराही महिने कमी राहतात आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर श्वासनळ्या अजून आवळू शकतात. मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना खोकल्याचं सांगा, बदलायची की नाही ते ठरवतील.

सहाचा हट्ट सोडा, त्या वेळी धूर-धुकं जमिनीलगत साचलेलं असतं, ऊन पडल्यावर निघा. आधी घरातच दहा मिनिटं अंग गरम करा, मफलर कानांवर नको, नाकातोंडावर घ्या. छातीवर दाब आला किंवा कळ जबड्यात, डाव्या हातात गेली तर तिथेच थांबायचं आणि कुणाला तरी घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं, घड्याळ काहीही दाखवो.