गोफरची चित्रं टाकताय? आधी एवढं बघा

टोपी घालून, रंग बदलून तुम्ही काढलेली गोफरची चित्रं छान जमली आहेत, बिनधास्त शेअर करा. फक्त परवान्याचं, म्हणजे चित्र कोणी कसं वापरायचं याच्या अटींचं, नीट बघा, नवीन माणूस हमखास तिथेच अडतो.

गो या प्रोग्रामिंग भाषेचा शुभंकर गोफर चित्रकार रेने फ्रेंच यांचा, आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० (सीसी बाय ४.०) परवान्याखाली आहे. म्हणजे बदला, छापा, विकासुद्धा. पण मूळ चित्रकाराचं नाव, परवान्याची लिंक आणि तुम्ही काय बदललंत, हे द्यायलाच हवं. रीडमीमध्ये, म्हणजे चित्रांसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, इतकं पुरे: ‘मूळ गोफर: रेने फ्रेंच, सीसी बाय ४.०. टोपी आणि रंग माझे.’ शेजारी लिंक. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा शुभंकर, फेरिस नावाचा खेकडा, मात्र सीसी झीरो (सगळे हक्क सोडून दिलेला) आहे, तिथे नाव देण्याचं बंधन नाही. तरी द्यावं, असं माझं ठाम मत.

सुरुवातीला होणाऱ्या चुका:

- परवानाच न लिहिणं. चित्र सगळ्यांना दिसतं म्हणून ते मुक्त होत नाही. काहीच लिहिलं नसेल, तर सरळ माणूस ते वापरायला धजत नाही.
- ‘नॉन-कमर्शियल’ची अट घालणं. मग मीटअपसाठी टी-शर्ट विकणाराही अडकतो.
- नुसती पीएनजी देणं. एसव्हीजीही (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) द्या, अक्षरं पाथमध्ये, म्हणजे आकारांमध्ये, बदलून. नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मांडणी विस्कटते.

या भाषांच्या लोगोंना सध्या हात लावू नका, तिथे ट्रेडमार्कचे वेगळे नियम लागतात. आणि परवाना विचार करून निवडा: क्रिएटिव्ह कॉमन्स एकदा दिला, की ज्यांनी चित्र घेतलं त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही.