शूटचं सगळं प्लॅनिंग झालंय पण शूटच होत नाहीये

"मॅडम, फोटो बिघडले तर अख्खं मॅगझिन माझ्यामुळे बोंबलेल." सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे समुपदेशनाला कुणी ना कुणी हे घेऊन येतंच. मागे पुण्यातल्या मास मीडियाच्या एका मुलीने आईबरोबर येऊन हेच सांगितलं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). चौघांच्या ग्रुपने कॉलेजसाठी मॅगझिन काढायचं, विषय महात्मा फुले मंडई, फोटोशूटची जबाबदारी हिच्याकडे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि आई म्हणत होती की साधे फोटो तर काढायचेत, त्यात काय एवढं.

हे "त्यात काय एवढं" मला खरंच पटत नाही, कारण ते ऐकलं की मूल पुढचं सांगायचंच बंद करतं. मी तिची वही मागितली.

वही बघून कौतुक वाटलं हो. कव्हरचा फोटो उभाच हवा आणि वर मॅगझिनच्या नावाला जागा सोडायची, ए-फोर पानाला ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचे नाहीतर क्वालिटी जाते, १८८६ सालची इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यायचा, ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात म्हणून बाहेर बसणाऱ्या भाजीवाल्यांचे फोटो त्याआधी. सगळं बरोबर. पण प्रत्येक कामापुढे एकच शब्द, "मी". आणि "भाजीवाल्या मावशी, क्लोजअप" या ओळीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

"मावशींना विचारलंस?"

"गेले होते मॅडम, पण त्यांच्यासमोरून तशीच पुढे निघून आले."

"आणि ग्रुपमधल्यांना?"

"त्यांना वाटेल मी ऑर्डर सोडतीये."

म्हणजे अडलं होतं ते माणसांना विचारण्यापाशी, कॅमेरा तिला छानच येत होता. अँक्झायटीत असं फार होतं, जे टाळायचंय त्याच्या आजूबाजूची कामं आपण जीव तोडून करतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि टाळलेली गोष्ट मात्र दर वेळी आणखी अवघड होऊन बसते.

मग ठरलं की आधी कॅमेरा न घेता जायचं, कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि विचारायचं, "मावशी, आम्ही कॉलेजच्या मासिकासाठी मंडईवर लिहितोय, तुमचा फोटो काढला तर चालेल का?" जायच्या आधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, आल्यावर काय झालं ते त्याच्याच खाली. आधी लिहिलं होतं, "ओरडतील, सगळे बघतील." झालं असं की पहिल्या मावशी "धंद्याच्या टायमाला नको गं" म्हणाल्या, हिचा चेहरा तापला, जरा चालल्यावर शांत झाला, आणि दुसऱ्या मावशी म्हणाल्या, "आज नको, उद्या ये, चांगलं लुगडं नेसून येते."

ग्रुपचंही तसंच. "कोणी येईल का" असा मेसेज सगळ्यांना टाकला की कुणीच येत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. म्हणून एकेकाला नाव घेऊन, वेळेसकट, "तू सकाळी ७ ला ये, चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा शीट धर." दोघं आले. तिसऱ्याने रिप्लायच दिला नाही, तेही तिने सरांना सांगून टाकलं, हे तिला आधी कधीच जमलं नसतं. आणि सबमिशनआधी एक सकाळ मोकळी ठेवली होती, त्यामुळे काही फोटो हलले तरी ते परत काढता आले.

घरच्यांना एवढंच सांगेन की फोटो कसे येतील यापेक्षा "कुणाला विचारायचं राहिलंय?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. झोप-जेवणाची तक्रार दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालली किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा एकदा जरी निघाली तर मात्र वाट बघू नका, समुपदेशकाला गाठा, किंवा टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, तो २४ तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.