उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कमी खर्चात, घरातल्या घरात कसं रमवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं सात आणि अकरा वर्षांची आहेत, घर वन बीएचके आहे, शिबिरांची फी परवडत नाही आणि दुपारभर मोबाईल हातातून सुटत नाही. यात खरी अडचण दुपारी बारा ते पाच एवढ्या वेळेचीच आहे. सकाळी आणि ऊन उतरल्यावर मुलं खाली पळतात, त्याचं नियोजन करत बसू नका.

दुसरं, रोज नवी ‘ॲक्टिव्हिटी’ शोधू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही दमाल आणि मुलांना मात्र रोज काहीतरी नवं आयतं मिळायची सवय लागेल. त्यापेक्षा महिनाभर थोडी थोडी पुढे सरकणारी तीन-चार कामं घरात पसरून ठेवा. दुकानातले क्राफ्टचे किटही घेऊ नका. त्यांतून एकच वस्तू बनते, ती बनली की खोका माळ्यावर जातो. खालच्या सगळ्या गोष्टींचं सामान, दूध-साखर सोडली तर, दीडशे रुपयांच्या आत बसावं.

सुरुवात चल्लस-आठच्या पटाने करा (काही घरांत याला अष्टचंगा म्हणतात). जमिनीवर किंवा जुन्या पुठ्ठ्यावर खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरं आखा. चारही बाजूंचं मधलं घर आणि पटाचं मधोमध असलेलं घर, या पाच घरांत फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या: बटणं, बाटल्यांची झाकणं, काहीही चालेल, फक्त रंग वेगळा हवा. आपल्या बाजूच्या फुलीपासून निघून घड्याळाच्या उलट दिशेने बाहेरची फेरी पूर्ण करायची, मग आतल्या आठ घरांतून घड्याळाच्या दिशेने फिरून मध्ये पोचायचं. एका सोंगटीचा प्रवास २४ घरांचा होतो. मुलांना हे आधी सांगू नका, मोजू द्या. प्रतिस्पर्ध्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, आणि मधल्या घरात जायला नेमकं तेवढंच दान पडावं लागतं.

फाशांऐवजी चार कवड्या किंवा चार चिंचोके. चिंचोके घरीच तयार होतात आणि त्यातच एक दुपार जाते. चिंचोका पाण्यात बुडवून खडबडीत फरशीवर किंवा पाट्यावर एका बाजूने घासायचा, पांढरा भाग दिसायला लागला की थांबायचं. जास्त घासला तर तो चपटा आणि हलका होतो, मग सारखा एकाच बाजूवर पडतो. चारही साधारण एकाच आकाराचे निवडा. पांढरी बाजू वर आलेले चिंचोके मोजायचे: एक, दोन, तीन, चारही पांढरे आले तर चल्लस म्हणजे चार, आणि चारही काळे आले तर आठ. चल्लस किंवा आठ पडलं की पुन्हा एक दान.

नियम घरोघर वेगळे असतात. काही ठिकाणी चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी बाहेरच काढता येत नाही. सात वर्षांच्या मुलासाठी तो नियम ठेवू नका. पंधरा मिनिटं नुसतं बसून राहावं लागलं की ते उठून जातं. सुरुवातीलाच चारही सोंगट्या पटावर ठेवा. दोघंच खेळणार असतील तर समोरासमोर बसवा.

अकरा वर्षांच्या मुलाला वरचं एक काम द्या: शंभर दानं टाकून कोणतं दान किती वेळा पडलं ते वहीत काड्या ओढून नोंदवायचं. चिंचोके दोन्ही बाजूंवर सारखेच पडत असतील, तर दर १६ दानांमागे साधारण ६ वेळा दोन, प्रत्येकी ४ वेळा एक आणि तीन, आणि एकेकदाच चल्लस व आठ यायला हवेत. घरी घासलेले चिंचोके असे वागत नाहीत. ते का वागत नाहीत हे शोधायला मग वेगळं सांगावं लागत नाही. कोणाचा चिंचोका ‘लबाड’ आहे यावर भांडण होतं आणि ते आपोआप तपासलं जातं.

दुसरी गोष्ट काड्या जोडून आकार बनवायची. त्याला काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब लागते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७०च्या दशकात हा प्रकार रूढ केला. पुढे ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, आणि त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि पुस्तकं, मराठीतलीही, फुकट आहेत. व्हॉल्व ट्यूब म्हणजे जुन्या पद्धतीच्या सायकल ट्यूबच्या व्हॉल्वमध्ये बसणारी बारीक रबरी नळी. सायकल दुरुस्तीच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. नवीच घ्या, जुनी कडक होऊन काडी घालताना चिरते.

नळीचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. काड्यांचा गूल मोठ्यांनीच ब्लेडने खरवडून टाकायचा आणि ती भुकटी लगेच पाण्याखाली धुवायची. लहान मुलासाठी त्याऐवजी खराट्याच्या हिराचे काडीएवढे तुकडे द्या, म्हणजे गुलाचा प्रश्नच येत नाही. टूथपिक मात्र नको, बारीक असल्याने निसटते आणि टोक टोचतं. नळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक काडी आतपर्यंत सारली की वाकणारा सांधा झाला. तिसरी काडी जोडायची असेल तर नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्याने किंवा दाभणाने भोक पाडा आणि टोक तासलेली काडी त्यात बसवा. भोक आरपार जाऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी फक्त त्रिकोण आणि चौकोन. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडून तिरका होतो. मग सहा काड्या आणि तीन तोंडांचे चार सांधे घेऊन चार त्रिकोणांचा पिरॅमिड करायचा, तो घट्ट उभा राहतो. घन करायला बारा काड्या आणि आठ सांधे लागतात आणि तो बनताक्षणी लुळा पडतो. इथे मुलं वैतागतात. त्यांना सांगा, प्रत्येक चौकोनात एक कर्ण घाला. साधी काडी कर्णाला पुरत नाही, जवळजवळ दीडपट (साधारण १.४ पट) लांब लागते, म्हणून हीर कापून घ्यायचा. कर्ण आला की एका कोपऱ्यात तीनपेक्षा जास्त काड्या येतात. तिथे शेजारी दुसरा सांधा दोऱ्याने बांधला तरी काम होतं. यापुढे पूल, मनोरा, विजेचा खांब, त्यांना जे सुचेल ते. सगळं एका चपलेच्या खोक्यात ठेवा, म्हणजे रात्री आवरताना मोडत नाही.

मे महिन्यात महाराष्ट्रात एक गोष्ट अगदी फुकट मिळते, ती म्हणजे शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. कोल्हापुरात ६-७ मे, सोलापुरात १० मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मेच्या सुमारास. वेळ बारा नव्हे: पुण्यात साधारण १२:३१, मुंबईत १२:३५, नागपुरात १२:१०. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून हा उशीर. गाव जितकं पश्चिमेला, तितका तो जास्त.

त्या एकाच दिवशी गच्चीवर नेण्यात फारशी मजा नाही. दोन आठवडे आधी सुरू करा. सपाट फळीवर कागद चिकटवा, मध्ये दहा सेंटिमीटरची पेन्सिल किंवा नळी मातीच्या गोळ्यात उभी करा. ती सरळ आहे का हे दोऱ्याला नट बांधून, ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. एवढंच नीट झालं नाही तर पुढचं सगळं फसतं, कारण किंचित कललेल्या पेन्सिलची सावली शून्याच्या दिवशीही दिसते. फळी दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने ठेवायची, म्हणून गच्चीवर तिच्या कोपऱ्यांच्या खुणा करून ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी आपल्या गावच्या वेळेला सावलीच्या टोकावर टिंब आणि तारीख. आधी सावली उत्तरेला पडते आणि रोज आखूड होते. शून्यानंतरही मोजत राहा, कारण मग ती दक्षिणेला पडायला लागते आणि मुलांना हेच सगळ्यात चमत्कारिक वाटतं. गच्चीवर पाचच मिनिटं जायचं, पायात चप्पल, डोक्याला टोपी, आणि सूर्याकडे बघायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुतेक वेळा आभाळ भरलेलं असतं.

आठवड्यातून एकदा पॉट आइस्क्रीम करा, पॉट न आणता. अर्धा लिटर फुल क्रीम दूध आटवून ३०० मिली करा, गरम असतानाच तीन टेबलस्पून साखर घाला, पूर्ण गार करा, हवा तर वाटीभर आमरस मिसळा. हे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अर्ध्यापर्यंतच भरा. मोठ्या डब्यात बर्फाचे तुकडे आणि जाडं मीठ थराथराने घाला: एक किलो बर्फाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम मीठ. छोटा डबा त्यात रोवून मुलांनी पाळीपाळीने गोल गोल फिरवत राहायचं. दर पाच मिनिटांनी डब्याचं झाकण पुसून उघडायचं आणि कडेला जमलेलं खरवडून मध्ये ढकलायचं. अर्ध्या तासात मऊ आइस्क्रीम होतं.

जमलं नाही तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं: मीठ कमी पडलं, दूध कोमट होतं, किंवा साखर जास्त झाली. नुसता बर्फ शून्य अंशाला असतो आणि साखरेचं दूध शून्याच्या खाली गोठतं. मिठाने बर्फ वितळताना तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, म्हणूनच मीठ लागतं. तो खारा बर्फ उघड्या हाताने धरू देऊ नका, कातडीला इजा होते. डब्याभोवती टॉवेल गुंडाळा. उरलेलं खारं पाणी मोरीत ओता, कुंडीत नको.

संध्याकाळसाठी फक्त एक गोष्ट सुचवतो, कापडी चेंडू. जुन्या मोज्यात चिंध्या गच्च भरा, तोंड पिळून मोजा उलटा फिरवून पुन्हा त्याच्यावरच चढवा आणि शिवून टाका. बाजूला सात चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे ठेवले की लगोरी तयार. पार्किंगमध्ये काचा फुटत नाहीत, म्हणून सोसायटीतल्या तक्रारीही कमी. विटी-दांडू मात्र मोकळ्या मैदानाशिवाय नको, विटी डोळ्याला लागते.

इमारतीत अशीच आणखी तीन-चार घरं असतील तर दुपारी वाटून घ्या: आज तुमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. एका घरात पाच-सहापेक्षा जास्त मुलं नकोत, प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली आणायची, आणि खाऊ काय द्यायचा ते आधीच ठरवा, नाहीतर घराघरांत चढाओढ लागते आणि स्वस्त शिबिर महाग होतं. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाची बालविभागाची वर्गणीही विचारून या, ती बहुतेक ठिकाणी किरकोळ असते.

मोबाईल शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. वेळ ठरवा, म्हणजे उदाहरणार्थ दुपारी साडेतीन ते साडेचार, आणि बाकी वेळ तो मुलांना न दिसेल असा ठेवा. पहिले तीन-चार दिवस ‘बोअर होतंय’ ऐकावं लागेल. लगेच उठून काही सुचवायला जाऊ नका. पट आणि काड्यांचा खोका समोर दिसत असेल तर तेवढं पुरतं.

शेवटचं काम आंब्याच्या कोयींचं, आणि त्याला आत्ताच लागायला हवं. खाऊन झालेली कोय धुऊन एक दिवस सावलीत ठेवा. उन्हात आठवडाभर वाळवलेली कोय बहुधा उगवत नाही, फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या आंब्याचीही खात्री नसते. मोठ्यांनी कात्रीने कडेने कवच कापून आतलं बी काढायचं. भोक किंवा काळी भुकटी दिसली तर आत भुंगा आहे, ते टाका. दुधाच्या पिशवीला तळाशी चार भोकं पाडून माती आणि थोडं शेणखत भरा. बी बाकदार बाजू वर करून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा आणि माती ओली ठेवा, चिखल नको. दोन ते तीन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर येतो. पाच-सहा कोयी लावा, सगळ्या येत नाहीत. हापूसच्या कोयीला हापूसच लागेल असं मुलांना सांगू नका. कोयीपासूनचं झाड मूळ झाडासारखंच निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून तर रोपवाटिकेत कलमं विकतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेलं रोप शाळा उघडेपर्यंत वीतभर होतं. पाऊस सुरू झाला की गावाकडे किंवा सोसायटीच्या आवारात परवानगी घेऊन लावता येतं. कुंडीत ते दोन-तीन वर्षं तग धरेल, फळ धरणार नाही.