बेळगावात मराठी परिपत्रकांसाठी हॅशटॅग चालवला, तर तो राजकीय सहभाग ठरतो का?

ठरतो, पण कार्यालयाच्या आवक नोंदवहीत तो चढत नाही. अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, जोडीला खटलाही लढवला. बसमधला वर्णभेद कोर्टाच्या निकालाने गेला.

तसं इथेही हॅशटॅगच्या जोडीला लेखी अर्ज करा. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मराठीत देता येतं, तो तुमचा हक्कच आहे. जिल्हा किंवा तालुका पातळीवर १५ टक्के लोकांची भाषा असेल, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा मान्य निकष. खानापूर असो वा बेळगाव, आपल्या तालुक्याचा २०११ च्या जनगणनेतला मातृभाषेचा तक्ता अर्जाला जोडा. शिक्क्यानिशी पोच घ्या आणि एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

पुष्कळजण अडकतात ते अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारताना. तो अर्ज मात्र कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीतच चालतो. कलम ३५० तिथे पुढे करून महिना वाया घालवू नका. कर्नाटकात शुल्क १० रुपये, विषय एकच, शब्द १५० पर्यंत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.